इलेक्ट्रॉन केंद्रकात का कोसळत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही कॉलेज रोडवर बारावीचे वर्ग घेता, मुलांशी रोजचा संबंध आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचे आक्षेप तीन. 'इलेक्ट्रॉन ग्रहासारखा फिरत नाही' या माझ्या वाक्याने मुलं गोंधळतात. फिरत नसेल तर तो आकर्षणाने केंद्रकात कोसळायलाच हवा. आणि नील्स बोरच्या प्रतिमानातल्या (इलेक्ट्रॉन ठरावीक वर्तुळाकार कक्षांत फिरतो असं मानणाऱ्या) सूत्राने उत्तर बरोबर येतंय, तर 'ढग', म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती हे दाखवणारं चित्र, हवाच कशाला?

आधी कोसळण्याचं बघू, खरी गोम तिथंच आहे. फिरण्याने इलेक्ट्रॉन वाचत नाही, उलट त्यानेच तो बुडतो. वर्तुळात फिरणारा विद्युतभार सतत दिशा बदलतो, म्हणजे त्याला त्वरण असतं, आणि असा भार प्रारणाच्या रूपात ऊर्जा गमावतो. हायड्रोजनसाठी हा जुना हिशेब मांडला तर सेकंदाच्या सुमारे साठ अब्जाव्या भागात खेळ खलास. बोरने १९१३ मध्ये 'ठरावीक कक्षांमध्ये असं होत नाही' हे गृहीत धरलं. का होत नाही, हे त्याच्या प्रतिमानात नाही.

कारण असं आहे. इलेक्ट्रॉनला जितक्या लहान जागेत कोंडाल, तितकी त्याची गतिज ऊर्जा चढते. त्रिज्या निम्मी केली की ती चौपट होते, पण आकर्षणाची स्थितिज ऊर्जा फक्त दुपटीने खाली जाते. ०.०५३ नॅनोमीटर त्रिज्येला गतिज १३.६, स्थितिज उणे २७.२, बेरीज उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्रिज्या निम्मी करा: ५४.४ आणि उणे ५४.४, बेरीज शून्य, म्हणजे अणू बांधलेलाच राहिला नाही. दुप्पट करा: ३.४ आणि उणे १३.६, बेरीज उणे १०.२. आत ढकला किंवा बाहेर ओढा, ऊर्जा वाढतेच. हिशेब ढोबळ आहे, पण फळ्यावर पाच मिनिटांत होतो आणि बारावीच्या मुलाला नक्की झेपतो. कृपया एकदा करून दाखवा.

बोरच्या ऊर्जापातळ्या हायड्रोजनसाठी बरोबर येतात, हे अगदी मान्य. पण त्याच प्रतिमानात मूळ पातळीवरच्या इलेक्ट्रॉनला कक्षीय कोनीय संवेग (केंद्रकाभोवती फिरण्याचं माप) एक एकक मिळतो, आणि श्रोडिंजरच्या १९२६ च्या क्वांटम समीकरणातून तो शून्य येतो. शून्यच बरोबर आहे. संवेग शून्य असेल तर 'गोल फिरतोय' म्हणायला जागा उरत नाही. दुसरा इलेक्ट्रॉन आला, म्हणजे साधा हेलियम घेतला, की बोरचं गणित तिथंच अडतं.

ढग म्हणजे हातचलाखी नव्हे. त्याची घनता केंद्रकाच्या जागीही शून्य नसते, आणि त्याचे परिणाम दिसतात. पोटॅशियम-४० चे दहा-अकरा टक्के अणू स्वतःचाच इलेक्ट्रॉन केंद्रकात ओढून आर्गॉन होतात. ठरावीक अंतरावरून फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला हे जमलंच नसतं.

परीक्षेत बोर विचारला तर बोरच लिहावा, त्यावर वाद नाही.

'पातळ्या असतात हे मुलांना दाखवायचं कसं', असंही तुम्ही विचारलंय. पातळ्या ठरावीक असल्या की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली येताना सुटणारा प्रकाशही ठरावीक रंगांच्या रेषांत येतो; त्या रेषाच दाखवा. बुटांचं खोकं घ्या. एका टोकाला दोन ब्लेडच्या कडा समोरासमोर चिकटवून अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवा, दुसऱ्या टोकाला जुनी सीडी साधारण ६० अंशांत तिरकी बसवा आणि खोक्याला तिच्या वरच्या बाजूला डोळ्यासाठी भोक पाडा. सीडीच्या जिथल्या भागावर प्रकाश पडतो, तिथल्या रेषांना फट समांतर हवी, नाहीतर रंग एकमेकांत मिसळतात. जुनी ट्यूबलाइट किंवा सीएफएल लावली की पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेषा ठळक दिसते. एलईडीवर हा प्रयोग करू नका, तिथं सलग पट्टाच येतो आणि मुलांना वाटतं खोकं बिघडलं. गॅसच्या ज्योतीत मिठाचं पाणी शिंपडलं तर ५८९ ची पिवळी रेषा मिळते. रस्त्यावरचा सोडियमचा दिवा मात्र टाळा: आतल्या दाबामुळे ती रेषा पसरते आणि नेमकी ५८९ ला काळी पट्टी दिसते. कारण कडेची थंड सोडियम वाफ आतून येणारा तोच प्रकाश गिळते.