‘डिग्री सोडा, सहा महिन्यांचा कोर्स करा’ या मेसेजला उत्तर

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज मला पाच ग्रुपवर आला. शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, गावाच्या ग्रुपवर, एकदा तर सोयाबीनचे भाव टाकतात त्या ग्रुपवरसुद्धा. मजकूर थोडक्यात असा: आयटीत आता डिग्रीला कोणी विचारत नाही, गूगलनेही अट काढून टाकली. सहा महिन्यांचा फुल स्टॅक (वेबसाइटचा दिसणारा आणि आतला, दोन्ही भाग बनवायचा) कोर्स करा, नोकरीची 100 टक्के हमी. सर्टिफिकेट असलं की बास. गणित लागत नाही, इंग्रजी लागत नाही. डिग्रीवर लाखो रुपये घालून मराठवाड्यातल्या कॉलेजात वर्षं वाया घालवू नका, सरळ पुणे गाठा.

दुर्लक्ष करणार होतो. पण परवा रेणापूरकडच्या नात्यातल्या काकांचा फोन आला. “बाळा, पोराचं बीसीएचं दुसरं वर्ष चालू आहे. सोडवून पुण्याला पाठवावं का? कोर्सवाले 85 हजार म्हणालेत. आडत्याकडून उचल मिळेल.” त्यांना जे बोललो ते इथे नीट लिहितो. मी स्वतः लातूरला डिप्लोमा केला, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेलो. आता पुण्यात नोकरी आहे आणि नवीन मुलांच्या मुलाखती घ्यायला मला बसवतात.

आधी गूगलचं. हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त पसरतं. गूगल, आयबीएम यांसारख्या कंपन्यांनी बऱ्याच जागांसाठी डिग्रीची सक्ती काढली, हे खरं. पण त्या जाहिराती नीट वाचल्या तर तिथे ‘पदवी किंवा तिच्या तोडीचा कामाचा अनुभव’ असं लिहिलेलं असतं. हा अनुभव जिंतूरच्या 20 वर्षांच्या मुलाने कुठून आणायचा? ती सवलत प्रामुख्याने आधीच काम करत असलेल्या माणसासाठी आहे. पुढे अमेरिकेला जायचं मनात असेल तर तिथल्या नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाला पदवी किंवा तिची बरोबरी लागते, आणि ही बरोबरी अनुभवावर धरताना कॉलेजच्या एका वर्षामागे कामाची तीन वर्षं मोजतात. चार वर्षांच्या पदवीच्या जागी बारा वर्षं काम दाखवायचं.

आपल्याकडे काय चालतं ते बघा. मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीचा फॉर्म उघडा. दहावीचे टक्के, बारावीचे किंवा डिप्लोमाचे टक्के, पदवी कोणती, विद्यापीठ कोणतं, पास झाल्याचं वर्ष, बॅकलॉग, म्हणजे राहिलेले विषय किती. लाल चांदणी असलेला एक रकाना रिकामा राहिला तरी पुढचं पान उघडत नाही. बऱ्याच ठिकाणी सगळीकडे 60 टक्क्यांची अट असते. तुम्हाला किती येतं हे विचारणारा माणूस त्या फॉर्मच्या पलीकडे बसलेला असतो, आणि फॉर्म अडला तर तो तुम्हाला भेटतच नाही. बारावीनंतर मुलं घेणाऱ्या योजना आहेत, उदाहरणार्थ एचसीएलची टेकबी. पण तीही गणित मागते, आणि नोकरी लागल्यावर सोबत पदवी करायची सोय ठेवते. विप्रो तर बीसीए, बीएस्सी झालेल्यांना घेऊन नोकरीसोबत एमटेक करवते, खर्च कंपनीचा. डिग्रीला किंमत नसती तर कंपन्यांनी तिच्यावर स्वतःचे पैसे घातले नसते.

आता कोर्स आणि हमी. यावर जरा थांबतो, कारण हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलंय.

मागच्या वर्षी एकाच आठवड्यात एकाच इन्स्टिट्यूटमधून आलेले सात रेझ्युमे माझ्या हातात आले. सातही जणांचा प्रोजेक्ट एकच, ऑनलाइन खरेदीचं संकेतस्थळ. तिघांच्या पानावर तर एकाच बटणाच्या स्पेलिंगमधलं एकच अक्षर गळलेलं. त्यातला एक मुलगा परभणी जिल्ह्यातला होता. मी विचारलं, “गिऱ्हाइकाने तीन वस्तू घेतल्या आणि पैसे भरताना मध्येच नेट गेलं, तर ऑर्डरचं काय होतं?” तो गप्प. थोड्या वेळाने खाली बघत म्हणाला, “सर, तो भाग सरांनी करून दिला होता.”

मग मी मराठीत बोलायला लागलो. कागद दिला आणि म्हटलं, आडतीच्या पावत्यांची यादी आहे असं समज, प्रत्येक शेतकऱ्याची एकूण रक्कम काढून दे. दहा मिनिटांत त्याने बरोबर लिहिलं. एकाच नावाचे दोन शेतकरी असले तर गोंधळ होईल, तेव्हा नावाऐवजी नंबर धरावा, हे त्याचं त्यानेच सांगितलं. पोरगा हुशार होता. मी होकार कळवला. दोन दिवसांनी एचआरकडून उत्तर आलं: उमेदवाराने बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडलेली आहे, नियमात बसत नाही. मी दोनदा मेल केला, काही झालं नाही. कोर्ससाठी त्याने कॉलेज सोडलं होतं, आणि ते सोडलं म्हणून नोकरी गेली. त्याला फोन मीच केला. तो फोन माझ्या मनातून जात नाही.

‘100 टक्के हमी’ लिहिणाऱ्यांचा करार वाचायला मागा. बहुतेक करारांत हमी हा शब्दच नसतो, ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ असतो. म्हणजे मुलाखतीला पाठवू, पुढचं तुमचं. फी परत मिळण्याचं कलम असलंच तर त्याला हजेरीच्या आणि परीक्षांच्या इतक्या अटी असतात की ते लागू होणं अवघड. मागच्या बॅचमधल्या कोणत्याही पाच मुलांशी बोलू द्या म्हणावं. नंबर देत नसतील तर उठून यावं.

कोर्स वाईट असतात असं मी म्हणत नाही. मीही नोकरीत असताना केलेत. डिग्री नसलेले दोन उत्तम सहकारी माझ्यासोबत आहेत. पण दोघेही चार-पाच वर्षं छोट्या दुकानवजा कंपनीत कमी पगारावर राबले, काम दाखवून मग वर आले. तो रस्ता आहे, पण लांबचा आहे, आणि तेवढा काळ घरून पैसे येत राहावे लागतात. डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला जोडून कोर्स केला तर त्याचा उपयोग होतो. डिग्रीच्या जागी केला तर त्या परभणीच्या मुलासारखं होतं.

सर्टिफिकेटांतही फरक आहे. लिनक्स सर्व्हर सांभाळण्याच्या रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, मशीन समोर असते आणि ती चालू करून दाखवावी लागते. सिस्कोचं नेटवर्कचं सर्टिफिकेट सीसीएनए तीन वर्षांनी संपतं, पुन्हा मिळवावं लागतं. अशा सर्टिफिकेटला नेटवर्क, सर्व्हर सांभाळण्याच्या कामात वजन आहे. एमएस-सीआयटी सरकारी नोकरीच्या अटीसाठी उपयोगी आहे, ती संगणक साक्षरता आहे, आयटीतल्या करिअरचं शिक्षण नव्हे. आणि इन्स्टिट्यूटने स्वतःच छापून दिलेलं ‘कोर्स पूर्ण केला’ हे प्रमाणपत्र हजेरीचा पुरावा आहे, तेवढाच.

‘गणित लागत नाही’ याचा सगळ्यात मोठा फटका आपल्या लातूरकडे बसतो. इथे मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेसाठी गणित सोडून बायोलॉजी घेतलेली पोरं शेकड्यांनी आहेत. दोन वेळा रिपीट करून मग आयटीकडे वळतात. त्यांना बीसीए करता येतं, रस्ता बंद नाही. 2024 पासून त्यालाही सीईटी आहे, ती तारीख चुकवू नका. पण बीए, बीकॉम किंवा साधं बीएस्सी करून एमसीएला, म्हणजे संगणकाच्या पदव्युत्तर पदवीला जायचं तर बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं. भरतीच्या अ‍ॅप्टिट्यूड परीक्षेत शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग असतंच. नेटवर्कच्या पत्त्यामागे /26 लिहिलेलं दिसलं की त्यात एकूण 64 पत्ते आणि मशीनना द्यायला 62, हे बोटांवर यायला हवं. डेटाच्या कामाला संख्याशास्त्राशिवाय हात लावता येत नाही. यातलं बरंचसं शाळेचं गणित आहे, तीन-चार महिने रोज तासभर दिला तर येतं. लागतच नाही असं सांगून पोरांना बेसावध ठेवू नका.

इंग्रजीचं वेगळं आहे. फाडफाड बोलता आलं नाही म्हणून कोणी अडत नाही, वाचता मात्र आलं पाहिजे. चूक झाली की स्क्रीनवर येणारा तांबडा मजकूर इंग्रजीतच असतो, आणि उत्तर बहुतेक वेळा त्याच्या शेवटच्या ओळीत असतं. सुरुवात मराठीतून करायची असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स, पायथन, सी यांचे धडे मराठीत, फुकट आहेत.

‘मराठवाड्यातल्या कॉलेजात वर्षं वाया’ हे वाचून मात्र राग येतो. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून आहे, नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी 1981 पासून. लातूर, नांदेड, बीड, अंबाजोगाई, जालना, हिंगोली, धाराशिव इथे शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, हा आपल्या भागातल्या कितीतरी घरांना झेपलेला रस्ता आहे. संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात केंद्र सरकारची संगणक शिक्षणाची संस्था नायलिट आहे, तिचा ‘ओ’ लेव्हल हा पायाभूत कोर्स सरकारी भरतीतही चालतो. एक वर्षच हातात असेल तर आयटीआयचा कोपा हा संगणकाचा ट्रेड आहे. सगळीकडे शिकवणं चांगलं आहे असं नाही. कुठे प्रयोगशाळेत निम्मे संगणक बंद असतात, प्रवेशाआधी जाऊन बघा. पण कॉट बेसिसवर पुण्यात राहून, खानावळ आणि बसपास भरून सहा महिने काढण्याचा हिशोब मेसेज लिहिणारा सांगत नाही. पुण्याला जायचंच आहे, डिग्री हातात घेऊन जा.

राहिला लाखो रुपयांचा मुद्दा. 85 हजार म्हणजे 2024 च्या सोयाबीनच्या 4,892 रुपये हमीभावाने सव्वासतरा क्विंटलच्या वर, आणि मोंढ्यात तो भाव किती जणांना मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. या फीला शिष्यवृत्ती नाही. डिग्रीला आहे. सरकारी प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि घर पात्र असेल तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून शिक्षणशुल्काचा निम्मा भार उतरतो. आणि जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींचं, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. हा मेसेज ज्या घरांत फिरतोय त्यातल्या किती घरांत बारावी झालेली मुलगी आहे? तिच्याबद्दल त्यात एक ओळ नाही.

काकांच्या पोराचं ठरलं ते असं: बीसीए पुरं करायचं. या उन्हाळ्यात मराठीतून पायथन, संध्याकाळी गणित. तिसऱ्या वर्षाला स्वतःचा एक प्रोजेक्ट. चुलत्यांच्या आडतीच्या पावत्यांचा हिशोब करायला घे म्हटलंय, म्हणजे कोणी काही विचारलं तरी त्याचं उत्तर त्याच्याजवळ असेल. त्याची बहीण यंदा बारावीला आहे. तिच्यासाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज काका सोमवारी सेतू केंद्रात देणार आहेत, कारण जूनमध्ये तिथे रांग रस्त्यापर्यंत येते.