एमजीबीच्या मालकांच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर
नमस्कार सर,

तुमच्या एमजीबीचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, रिव्ह्यू काल वाचला. नऊ वर्षांत इथे एक काम संपलं की दुसरं काढतात, जड इंजिनमुळे गाडी पुढून बसली तरी कबूल करत नाहीत, धड चालणारा ॲक्सल उगाच बदलला, दारात लोखंडी पाइप मारून गाडी पाच महिने उभी ठेवली, आणि एवढं करून ती सिग्नलला तापतच होती, असं तुम्ही लिहिलंत. यातलं शेवटचं सरळसरळ आमचं चुकलं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हायवेला काटा मध्यावर आणि गर्दीत पाच मिनिटं थांबलं की चढायला लागतो, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एवढ्यावरूनच पंख्याकडे बघायला हवं होतं. गाडी वेगात असली की वाऱ्यानेच रेडिएटर थंड होतो, उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. पण पंखे फिरताना दिसत होते, म्हणून आम्ही ते सोडून बाकी सगळं केलं. थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर दोनदा उतरवून साफ केला. शेवटी आमच्याकडे काम शिकणाऱ्या पोराने जाळीसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता, तर उडून त्याच्याच तोंडावर आला. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या दोन्ही पंख्यांच्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या, त्यामुळे ते हवा रेडिएटरमध्ये ढकलण्याऐवजी बाहेर फेकत होते. जोडणी आमचीच होती. दोन वायरींच्या अदलाबदलीपायी तुमचे अडीच महिने गेले. त्याचं बिल लावलं नाही हे खरं, पण हेलपाटे तर तुम्हीच घातलेत. मनापासून माफी मागतो.

जड इंजिनाचं मात्र मला पटत नाही. तुम्हाला हे ज्याने सांगितलं त्याने सिलिंडर मोजले, वजन केलं नाही. तुमच्या 1972 च्या गाडीचं मूळचं 1798 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन बिडाचं होतं. आता त्यात आहे ते 3528 सीसीचं रोव्हर व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, ॲल्युमिनियमचं आहे. दोघांचं वजन जवळपास सारखंच, उलट व्ही-एटचं थोडं कमीच. खुद्द कंपनीनेच 1973 ते 1976 या काळात हे इंजिन घालून 2591 एमजीबी जीटी व्ही-एट बनवल्या. तुमची गाडी पुढून बसली होती ती जुन्या, थकलेल्या स्प्रिंगांमुळे. त्या बदलल्यावर उंची परत आली, आणि इंजिन तर तेच आहे.

फक्त कंपनीच्या त्या सगळ्या गाड्या छप्पर असलेल्या होत्या. तुमची उघडी. छप्पर नसलं की गाडीचा पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा एकमेकांना धरून ठेवण्याचं काम मुख्यतः सिल, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या, करतात. तुमचे सिल बाहेरून चकचकीत रंगवलेले होते, पण खालून स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. व्हिडिओ पाठवला होता, आठवत असेल. सडलेला पत्रा तसाच कापायला घेतला असता तर गाडी मधोमध बसली असती, दाराची फट वरच्या बाजूने मिटली असती, आणि नवा पत्रा त्याच वाकड्या मापात कायमचा वेल्ड झाला असता. म्हणून आधी चौकटीत पाइप मारला. तोही आतल्या अंगाने, म्हणजे दार मध्येमध्ये अडकवून, लावून बघता येतं. प्रत्येक थर वेल्ड केला की दार लावायचं, फट मोजायची, मग पुढचा थर. पाच महिन्यांतले दोन मात्र निव्वळ पत्रा येण्याची वाट बघण्यात गेले. ते तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं.

तुम्हाला सिलच्या आधी फ्युएल इंजेक्शन बसवायचं होतं आणि मी नाही म्हणालो. आजही नाहीच म्हणेन.

ॲक्सलचं थोडक्यात सांगतो. रेशो म्हणजे चाक एकदा फिरायला गिअरबॉक्समधून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो ते. मूळचा रेशो 3.909, आम्ही घातला तो 3.07, म्हणजे कंपनीने स्वतःच्या व्ही-एटला दिला होता तोच. चौथ्या गिअरला शंभरच्या वेगात इंजिन आधी मिनिटाला साधारण 3500 फेऱ्यांवर ओरडत होतं, आता 2750 च्या आसपास शांत चालतं. चालत तर तो आधीही होता, त्याबद्दल वाद नाही.

आता ‘एक काम संपलं की दुसरं’. गाडी आमच्याकडे आली तेव्हा इंजिन आधीच कोणीतरी बदललेलं होतं. एक्झॉस्टला जागा करायला आतला पत्रा हातोड्याने ठोकलेला, मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करणारा पाइप) स्टिअरिंगच्या शाफ्टपासून जेमतेम बोटभर लांब, आणि ब्रेक मूळचेच. कंपनीने व्ही-एट घालताना पुढच्या डिस्क जाड केल्या होत्या, कारण ताकद जवळपास दीडपट झाली होती. इथे ताकद वाढवून बाकी सगळं होतं तसंच सोडलेलं. म्हणून ब्रेक झाले, मग ॲक्सल, मग सिल. ही कामं मी शोधून काढली नाहीत, ती गाडीतच होती. पण मी ती तोंडी सांगितली, आणि तीही तुकड्यातुकड्याने. पहिला बोल्ट सोडण्याआधी गाडी लोखंडी स्टँडवर चढवून, खालून पूर्ण बघून सगळी यादी तुमच्या हातात ठेवली असती, तर करायचं की गाडी विकायची हे तुम्हाला तेव्हाच ठरवता आलं असतं. एक स्टार बहुधा त्याचाच आहे. आता दुसऱ्याने इंजिन बदललेली गाडी आली की आम्ही आधी यादी लिहून देतो, मगच पाना हातात घेतो.

असंच तोंडी सांगून सोडलेलं एक काम अजून बाकी आहे, तुमच्या रिव्ह्यूत ते नाही. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, त्यामुळे ॲक्सल बदलल्यापासून मीटर कमी वेग दाखवतो. नव्या रेशोप्रमाणे जुळवून घ्यायला दुसरा मीटर पाठवला होता, तो परवा आला. गाडी घेऊन या, एका दुपारचं काम आहे, बिल लागणार नाही. तोवर काटा 80 वर दिसला तर गाडी 100 च्या थोडी वरच आहे असं धरून चालवा.