हल्ली कोण मरतं बाळंतपणात?

आज इथे इंदुरात, रामबागेत एका डोहाळजेवणाला गेले होते. झोपाळा, फुलांचे दागिने, ओटी, झाकलेल्या वाट्या. पोरीने वाटी उघडली, बर्फी निघाली, टाळ्या पडल्या. तिची आई मला हळूच म्हणाली, बीपी जरा वाढलंय गं. ते ऐकून शेजारच्या एक वहिनी हसल्या. "अगं, हल्ली कोण मरतं बाळंतपणात? ते आपल्या आज्यांच्या वेळी!"

दहीवडा घशातच अडकला. लोकांच्या कार्यात काय भांडायचं, म्हणून गप्प बसले. इथे मात्र बोलणार आहे.

आमच्या पोळ्यावाल्या बाईंची सून मेली, वहिनी. दीड वर्ष झालं. बावीस वर्षांची होती.

जाप्यासाठी धारकडे माहेरी गेली होती. आणि बाळंतपण घरात खाटेवर नाही झालं हं, दवाखान्यात झालं. मुलगा झाला, रडला, पेढे वाटले. इकडे हिचं रक्त थांबेना. तिथून रेफर. दुसऱ्या ठिकाणी रक्त नाही, म्हणून पुन्हा रेफर. तिसऱ्या ठिकाणी पोचायच्या आत गाडीतच गेली. दवाखान्यात बाळंत झाल्याचे जननी सुरक्षा योजनेचे 1400 रुपये तिच्या खात्यात आले, ते तिच्या तेराव्यानंतर.

आता कोणीतरी खाली आकडे चिकटवेल, म्हणून मीच सांगते. हो, कमी झालंय. 2004-06 मध्ये देशात एक लाख जिवंत जन्मांमागे 254 आया मरत होत्या, 2020-22 मध्ये 88. आशाताया उन्हातान्हात वणवण करतात, 108 येते, पूर्वीसारखं सुईणीच्या भरवशावर कोणी राहत नाही. मान्य. झालं समाधान?

पण तो 88 सगळ्या देशाचा. त्याच वर्षांत आपल्या मध्य प्रदेशचा 159 आहे आणि केरळचा 18. केरळच्या बायका काय वेगळ्या मातीच्या असतात? रक्तस्राव, चढलेलं बीपी, जंतुसंसर्ग, मरण याच दोन-तीन कारणांनी येतं, तिथे काय नि इथे काय. बीपी चढून येणाऱ्या आकडीवरचं मॅग्नेशियम सल्फेट, रक्त थांबवणारं ऑक्सिटोसिन, ही काही चंद्रावरून आणायची औषधं नाहीत. फक्त ती त्या वेळी, त्या खोलीत हवीत. आणि ते द्यायला कोणीतरी जागं हवं! दवाखान्याच्या छताखाली बाळंत होणं आणि दवाखान्यात उपचार मिळणं, ह्यात फरक आहे की नाही?

आमच्या इंदुरात कचऱ्याची गाडी रोज गाणं वाजवत वेळेवर दारात येते. ओला वेगळा, सुका वेगळा, पहिला नंबर, आम्हाला कोण अभिमान. म्हणजे मनात आणलं की जमतं ना? 2012 साली इथल्याच उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने सांगितलंय की बाईला बाळंतपणातून जिवंत राहता न येणं हे तिच्या जगण्याच्या हक्काचं, घटनेच्या कलम 21 चं उल्लंघन आहे. किती जणांना ठाऊक आहे? मलाही कुठे होतं. बाईंची सून गेल्यावर शोधायला लागले तेव्हा कळलं.

बाईंनी मला तिचं जच्चा-बच्चा कार्ड दाखवलं होतं. चार तपासण्या, हिमोग्लोबिन चारही वेळा 10. एकच शाई, एकच अक्षर. बाई म्हणाल्या, "वजन घेतलं, लाल गोळ्या दिल्या, सुई काही टोचली नाही." त्या गोळ्यांनी हिला मळमळायचं, म्हणून तिने सोडल्या. अंगात मुळातच रक्त नाही, त्यातून एवढं वाहून गेलं. ज्याने ते चार दहा लिहिले त्याला मी भेटले तर काय करीन, सांगता येत नाही.

जाऊ दे. त्यालाही दिवसाला दोनशे कार्डं भरायची असतील.

एक गोष्ट मी अजून घरात कोणाला सांगितलेली नाही. आठवा लागल्यावर बाईंनी माझ्याकडे चार दिवसांची सुट्टी मागितली होती. "पोरीचं तोंड सुजलंय, पांढरीफटक दिसते असं व्याही म्हणतात. इकडे आणून मोठ्या डॉक्टरला दाखवते." माझ्याकडे पुण्याची मंडळी यायची होती. सराफ्यात खायला न्यायचं, राजवाडा दाखवायचा, ओंकारेश्वर. मी म्हटलं, "पाहुणे गेले की जा हं, बाई." पाहुणे आठ दिवस राहिले. नवव्या दिवशी बाईंना फोन आला.

बाई ह्यावर एक शब्द बोललेल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्यासाठी मी डिंकाचे लाडू करून ठेवले होते, ते डब्यात तसेच राहिले.

त्या वहिनींना मी काय सुनावणार होते, कोण जाणे. घरी येऊन डोहाळजेवणवाल्या पोरीच्या आईला तेवढा फोन केला, उद्या सकाळीच बीपी मोजून ये, गाडी मी आणते. तिला वाटलं मी उगीच घाबरवतेय. वाटू दे.

नातू बाईंसोबतच येतो, ओट्याखाली बसून कणकेचे गोळे करतो. परवा त्याला लस द्यायला न्यायचंय, म्हणून बाईंनी एक दिवस मागितला. मी म्हटलं, दोन घ्या.