‘पॅकेट बंद करा, चिकन-भात द्या, आठ दिवसांत खाज जाईल’ : या मेसेजमध्ये काय काय चुकतंय

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा : कुत्रा सतत खाजवत असेल, पंजे चाटत असेल तर त्याला पॅकेटमधल्या, म्हणजे विकतच्या तयार श्वानखाद्यातल्या, धान्याची ॲलर्जी आहे. पॅकेट आजच बंद करा. चिकन-भात द्या, वर दही, हळद आणि चमचाभर खोबरेल तेल. हाडांचं सूप दिलं की कॅल्शियमची काळजी नाही. आठ दिवसांत खाज जाते. खात्री करायची तर रक्ताची ॲलर्जी टेस्ट करा.

घरच्या खाण्याला आमचा विरोध नाही. अन्नाची ॲलर्जी ओळखायला मोजूनमापून शिजवलेलं घरचं अन्न हा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. पण या मेसेजप्रमाणे केलंत तर ॲलर्जी कळणारही नाही आणि जाणारही नाही.

‘खाज म्हणजे अन्नाची ॲलर्जी’

आधी पिसवा आणि गोचीड बघा. कंबरेवर आणि शेपटीच्या मुळाशी खाज जास्त असेल तर संशय पिसवांवरच. बारीक दातांच्या फणीने तिथले केस विंचरा, जे काळे कण निघतील ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका. कणाभोवती लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसवा स्वतः दिसल्या नाहीत तरी हा पुरावा पुरेसा आहे. त्याशिवाय घरातल्या धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), परागकण, पावसाळ्यात कानात आणि बोटांच्या बेचक्यांत वाढणारं यीस्ट (एक प्रकारची बुरशी), ही सगळी कारणं असू शकतात.

अन्नाच्या ॲलर्जीत खाज साधारणपणे ऋतू कोणताही असो, वर्षभर असते. कान, पंजे, पोट आणि गुदद्वाराभोवतालची जागा जास्त त्रास देते, काही कुत्र्यांना जोडीला वारंवार किंवा सैल शी होते. तरीही नुसतं बघून ती धुळीच्या ॲलर्जीपेक्षा वेगळी ओळखता येत नाही. आणि त्वचेवर जंतुसंसर्ग असेल तर त्यावर डॉक्टरांकडून उपचार आधी किंवा बरोबरीने व्हायला हवेत. नाहीतर खाणं कितीही बदललं तरी खाज राहतेच.

‘दोष धान्याचा’

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली होती. त्यात ३४ टक्के कुत्र्यांना गोमांस बाधत होतं, १७ टक्क्यांना दूध-दुभतं, १५ टक्क्यांना चिकन आणि १३ टक्क्यांना गहू. तांदूळ यादीत खूप खाली आहे. आता मेसेजमधला वाडगा बघा : चिकन आणि दही, म्हणजे वरच्या चारांतले दोन. त्यात आपल्याकडचे बहुतेक कुत्रे लहानपणापासून चिकनवरच वाढलेले असतात. पॅकेटमध्ये चिकन, भातावर चिकन, खाऊ म्हणून चिकनच्या काड्या. ज्या प्रथिनाशी सतत संबंध आला त्याचीच ॲलर्जी होते. त्यामुळे पॅकेट सोडून चिकन-भात दिला तर संशयित घरातच राहतो.

‘मग लॅम्बचं पॅकेट आणू’ हाही उपाय नाही. मागचा बारीक मजकूर वाचलात तर चिकन फॅट किंवा अंड्याची पावडर बऱ्याचदा सापडते. २०१५ पासून महाराष्ट्रात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी असल्याने इथे बीफ म्हणजे म्हशीचं मांस. पण गाय आणि म्हैस इतक्या जवळच्या आहेत की एकीचं बाधलं तर दुसरीचं ‘नवीन’ धरता येत नाही. बोकडाच्या मटणाबाबतही ही शंका थोडी उरतेच.

‘आठ दिवसांत खाज जाते’

आठ दिवस नव्हे, आठ आठवडे. अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्के पाच आठवड्यांत सुधारतात आणि ९० टक्क्यांहून जास्त आठ आठवड्यांत. एका आठवड्यात फरक पडला असेल तर त्याच वेळी दिलेलं स्टिरॉइड किंवा अँटिबायोटिक आठवून बघा. श्रेय बहुधा त्याचं असतं.

या आठ आठवड्यांत एकच नवं प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ द्यायचा. आधी कधी खाल्लं नसेल तर पोर्क, किंवा बिनकाट्याचा मासा. मासा निवडण्याआधी जुन्या पॅकेटमध्ये फिशमील (माशांची भुकटी) नव्हतं ना, ते बघा. २० किलोच्या, नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण १००० किलोकॅलरी लागतात. त्याचं एका दिवसाचं माप असं :

चरबी काढलेलं पोर्क ३५० ग्रॅम (कच्चं वजन), तांदूळ १२० ग्रॅम (कच्चे), करडईचं तेल २ छोटे चमचे, शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट ३ ग्रॅम, चिमूटभर मीठ.

कुत्र्याने जन्मभर भात खाल्ला असेल तर तांदळाऐवजी सुमारे ५०० ग्रॅम रताळी घ्या. मांस पूर्ण शिजवा, कांदा-लसूण अजिबात नको. कॅल्शियम आणि तेल अन्न गार झाल्यावर मिसळा. सगळं वजनकाट्यावर मोजा, कारण ‘वाटीभर’ प्रत्येक घरात वेगळं असतं. जुन्या खाण्यावरून नव्यावर सात दिवसांत हळूहळू या, आणि पूर्ण नवं खाणं सुरू झालं त्या दिवसापासून आठ आठवडे मोजा. दर आठवड्याला कुत्र्याचं वजन करून माप कमी-जास्त करा.

प्रयोग फसतो तो मात्र वाडग्याबाहेर. खाली वॉचमन ग्लुकोज बिस्किट देतो, आजी पोळीचा तुपाचा तुकडा देतात, शेजारचं बाळ हातातलं टोस्ट खाली टाकतं. चघळायच्या काड्या कातड्याच्या असतात. जंताच्या गोळ्या, गोचिडांच्या चघळायच्या गोळ्या आणि कुत्र्यांची टूथपेस्ट यांना मांसाची चव लावलेली असते, कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं. चव नसलेला पर्याय डॉक्टरांकडून मागून घ्या, पण गोचिडांचं औषध बंद करू नका. घरातल्या सगळ्यांना आणि वॉचमनला स्पष्ट सांगा, आणि खाऊ म्हणून त्याच पोर्कचे उकडलेले तुकडे खिशात ठेवा.

खाज कमी झाली तरी निदान पूर्ण होत नाही. जुनं खाणं पुन्हा सुरू करून बघावं लागतं. ॲलर्जी असेल तर बहुतेकदा दोन आठवड्यांच्या आत खाज परतते. परतली की लगेच थांबवा आणि नव्या खाण्यावर या. ती शांत झाल्यावर चिकन, दही, गहू असं एकेक करून तपासा. बरं झालेल्या कुत्र्याला पुन्हा खाजवायला लावणं जिवावर येतं, हे मान्य. पण ही पायरी गाळली तर पुढची दहा वर्षं कुत्र्याला नेमकं काय टाळायचं हे कोणालाच कळणार नाही.

‘रक्ताची टेस्ट करा’

अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्त, लाळ किंवा केसांच्या चाचण्या विश्वासार्ह नाहीत. निरोगी कुत्र्यांच्या अहवालातही ‘पॉझिटिव्ह’ पदार्थांची यादी येते. ते पैसे आठ आठवड्यांच्या मांसावर खर्च करा.

‘हाडांच्या सुपातून कॅल्शियम मिळतं’

सगळ्यात घातक वाक्य हेच. हाडं तासन्‌तास उकळली तरी पाण्यात कॅल्शियम अगदी थोडं उतरतं, आणि शिजलेलं हाड दिलं तर त्याच्या कपच्या आतड्याला इजा करतात. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. अशा खाण्यावर शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून ते काढत राहतं. म्हणून रक्ताचा अहवाल नॉर्मल येतो आणि हाडं मात्र पोकळ होत जातात. प्रौढ कुत्र्यात हे कित्येक महिने कळत नाही.

प्रौढ कुत्र्याला दर १००० किलोकॅलरीमागे किमान सव्वा ग्रॅम कॅल्शियम लागतं. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, म्हणून वर ३ ग्रॅम लिहिलं आहे : त्यातून १.२ ग्रॅम मिळतं, उरलेलं थोडं मांस-तांदळातून येतं. अंड्याच्या टरफलाची पूड एरवी चालते, पण प्रयोगाच्या काळात नको, तिला अंड्याचं प्रथिन चिकटलेलं असू शकतं. माणसांच्या चघळायच्या गोळ्याही नकोत. त्यात ड जीवनसत्त्व असतं, आणि गोडीसाठी झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला विष आहे.

‘हळद आणि खोबरेल तेल’

हळदीने अन्नाची ॲलर्जी जात नाही. त्वचेला लागणारं लिनोलेइक आम्ल खोबरेल तेलात नगण्य असतं, करडईत भरपूर. मात्र बाटलीवर ‘हाय ओलेइक’ लिहिलेलं करडई तेल या कामाचं नाही, त्यात हे आम्ल कमी असतं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. वरचं माप प्रौढ कुत्र्याच्या आठ आठवड्यांच्या प्रयोगापुरतं आहे, कायमचं नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने २०१३ मध्ये घरगुती श्वानाहाराच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. आमच्या मापातही जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतं. जस्त कमी पडलं की डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती खपल्या धरतात, आणि ज्या त्वचेसाठी खाणं बदललं तीच बिघडते. पुढे घरचंच द्यायचं असेल तर पशुआहाराचं ज्ञान असलेल्या डॉक्टरांकडून वजनानुसार पाककृती आणि मांसाची चव नसलेलं पूरक मिश्रण लिहून घ्या. रोज शिजवणं जमत नसेल तर हायड्रोलाइज्ड प्रथिनाचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं खाणं प्रयोगासाठीही चालतं आणि कायमसाठीही. त्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की बहुतेक कुत्र्यांचं शरीर ती ओळखत नाही.

पिल्लांना वरचं माप देऊच नका, मोठ्या जातीच्या पिल्लांना तर मुळीच नाही. कॅल्शियम कमी पडलं तर त्यांचे पाय वाकतात आणि साध्या उडीनेही हाड मोडू शकतं, जास्त झालं तरी वाढ बिघडते. पिल्लू खाजवत असेल तर स्वयंपाकघराआधी डॉक्टर गाठा.