चालता, पण उचलता काय?

सकाळी कमाटीबागेत गेलं की निम्मं मराठी बडोदं तिथेच भेटतं. फेऱ्या, गप्पा, मग शेवउसळ. (तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही, त्या रांगेत मीही असतो.) आमच्या सोसायटीतली पोरं मात्र जिमवाली. पळायला चला म्हटलं की म्हणतात, "काका, कार्डिओने मसल जातो."

या समजुतीचं मूळ बरंचसं 1980 सालच्या एका प्रयोगात आहे. रॉबर्ट हिक्सन हा अमेरिकन संशोधक स्वतः वजनं उचलणारा. साहेबांबरोबर रोज पळायला लागला आणि त्याची ताकद उतरली. मग त्याने 10 आठवड्यांचा प्रयोगच मांडला. दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची ताकद सात-आठ आठवडे वाढली आणि नंतर घसरली. पण त्यांचा रतीब बघा: पाच दिवस वजनं, सहा दिवस जीव जाईस्तोवर सायकल आणि पळणं! आपल्यात कोण करतं हो एवढं? शिवाय त्यांचा दमसास वाढला तो वाढलाच. 2022 मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. स्नायूंची वाढ आणि ताकद, दोन्हींना धक्का नाही. उडी किंवा झेप यांसारखी झटक्याची ताकद तेवढी थोडी कमी वाढते, तीही दोन्ही एकाच बैठकीत उरकलं तर. पोरांनो, पळा.

माझी खरी तक्रार बागेत नुसत्या फेऱ्या मारणाऱ्यांबद्दल आहे. रोज पाच किलोमीटर चालणारे आमचे एक काका गणपतीत पाटावरून उठताना एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीवर, आणि "आई गं" करत उठतात. दम उत्तम, मांड्यांत जोर नाही. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि नुसत्या चालण्याने ते भरून येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि वर किमान दोन दिवस ताकदीचा. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ, दुसरं कुणाच्या गावीही नाही. तेही प्राध्यापक माणिकरावांच्या आखाड्याच्या गावात!

मी मंगळवार-शुक्रवार वजनं घेतो, एरवी पळतो. दोन्ही एकाच दिवशी आलं तर वजनं आधी. ज्यांना जिमची लाज वाटते त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावं, श्वास न कोंडता. ते सोपं झालं की पाठीवर नातवाचं दप्तर, आत दोन किलो तांदूळ. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची जरा उंच घ्या आणि रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.