‘किरकोळ’ म्हणाले, ते चुकलंच

नमस्कार,

‘एक जुनी वाचक’ एवढीच ओळख ठेवून तुम्ही लिहिलंत, तेव्हा मीही तुम्हाला तसंच म्हणते. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हाही आला, पण जरा कमी. मग ती छापून घेतली आणि पेन हातात धरून वाचली. उत्तराला चार दिवस लागले ते त्यामुळे.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. माझ्या कादंबरीवरचा चित्रपट पाहून आल्यावर मी एक लेख लिहिला होता. पहिल्या खेळाला मी कशी रडले ते त्यात होतं, आणि ‘पडद्यावर आणताना काही किरकोळ बदल झाले’ असं एक वाक्य होतं. त्यावर या बाई विचारतात: ४३ वर्षांची नायिका २९ची झाली, हे किरकोळ? पुस्तकाच्या शेवटी दोघं वेगवेगळ्या गाड्यांनी जातात, चित्रपटात त्यांचं लग्न लागतं, हेही किरकोळ? पटकथा तुम्ही स्वतः का लिहिली नाहीत? कोर्टात का गेला नाहीत? हक्क विकून पैसे घेतलेत, मग रडणं कसलं? आणि शेवटी: ‘तुमचा लेख वाचताना जाहिरात वाचतेय असं वाटलं.’

या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते सगळ्यात जास्त लागलं. करारात एक कलम आहे. प्रदर्शनाच्या काळात लेखिकेने प्रसिद्धीला सहकार्य करावं, असं त्यात म्हटलंय. पण सहकार्य म्हणजे खोटं लिहिणं नव्हे, आणि ‘किरकोळ’ हा शब्द मला कोणी सुचवलाही नव्हता. तो माझाच. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

पैशांचं आधी उरकते. हो, घेतले, आणि मला ते हवे होते. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईने व्यवहाराबद्दल बोललं की लोकांना कसंसंच होतं, जणू तिचं वीजबिल चांदण्यात भरलं जातं. पण हे हक्क विकणं म्हणजे नेमकं काय असतं, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. निर्माता सहसा पुस्तक लगेच विकत घेत नाही. थोडी रक्कम देऊन तो ते ठरावीक मुदतीसाठी, साधारण वर्ष-दीड वर्षासाठी, राखून ठेवतो. याला ऑप्शन म्हणतात. तेवढ्या काळात त्याने भांडवल उभं करायचं, नटनट्या जमवायच्या. नाही जमलं तर मुदत वाढवायची किंवा पुस्तक सोडून द्यायचं. राखून ठेवलेल्या पुस्तकांपैकी बहुतेकांचा चित्रपट कधी होतच नाही. माझं पुस्तक असं दोनदा राखून ठेवलं गेलं आणि दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी अटी घालायच्या सोडून आभार मानत बसले.

त्यामुळे झालं असं की करारात ‘लेखिकेशी सल्लामसलत’ असे शब्द आले, ‘लेखिकेची मंजुरी’ असे आले नाहीत. या दोन शब्दांत केवढं अंतर आहे, हे मला सही करताना कळलं नव्हतं. सल्लामसलत म्हणजे त्यांनी विचारायचं, तुम्ही सांगायचं, आणि मग त्यांनी त्यांना हवं ते करायचं.

आता कोर्टाचं. तुम्ही हे रागात लिहिलं असेल, पण प्रश्न अगदीच फोल नाही. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी हे केलं होतं. ‘आपका बंटी’वरून ‘समय की धारा’ हा चित्रपट निघाला, कादंबरीची मोडतोड झाली असं त्यांना वाटलं आणि त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. हक्क विकल्यावरही कलाकृतीची विटंबना रोखायचा लेखकाचा अधिकार शिल्लक राहतो, हे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मधलं तत्त्व त्या १९८६च्या निकालाने ठसवलं. लेखकांना आजही त्या निकालाचा आधार वाटतो. पण मी कशाच्या जोरावर जाणार होते? नायिकेचं वय २९ असलेला खर्डा माझ्यासमोर आला होता, मी तो वाचला होता आणि ‘पाहिला, छान’ असं कळवलं होतं. ज्या कागदाला आपण छान म्हटलं त्याच्याविरुद्ध न्यायाधीशांपुढे काय रडायचं!

पटकथा मी लिहायला घेतली होती, हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. पहिला खर्डा २१२ पानांचा झाला. या धंद्यात ढोबळ हिशेब पानाला एक मिनिट असा असतो, म्हणजे साडेतीन तास. मी ४० पानं छाटली आणि आजारी पडले. खोटं वाटेल, पण ताप आला. लेखिकेने स्वतः लिहिलं म्हणजे सगळं शाबूत राहतं असंही नाही. जोजो मॉइस यांनी ‘मी बिफोर यू’ या आपल्या इंग्रजी कादंबरीची पटकथा स्वतः लिहिली. २०१६च्या त्या चित्रपटात नायिकेच्या भूतकाळातला, तिचा सगळा भित्रेपणा ज्यातून येतो तो भयंकर प्रसंग नाहीच. लिहिणारा हात तोच असला तरी कात्री लागतेच. मला तो हात चालवता आला नाही, एवढंच.

शेवटाबद्दल तुमच्याइतकं वाईट मला वाटलेलं नाही, आणि हे मी चित्रपटाची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही. ट्रूमन कपोटींच्या ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’मध्ये नायिका निघून जाते, कायमची. १९६१च्या चित्रपटात ती पावसात परत येते, मांजर शोधते आणि चुंबन घेते. लोकांना तो पाऊसही आवडतो आणि पुस्तकही टिकून आहे. प्रेमकथेच्या वाचकाला शेवट गोड हवा असतो, हा आमच्या प्रकारातला जुना अलिखित करार आहे. तो मी पुस्तकात मोडला होता, चित्रपटवाल्यांनी पाळला. शिवाय शेवट ही दहा मिनिटांची गोष्ट. माझ्या दोन गाड्या पुस्तकातून अजून रोज वेळेवर सुटतात.

वयाचं तसं नाही. ते पहिल्या दृश्यापासून प्रत्येक चौकटीत असतं.

आणि इथे मला त्या पत्राच्या प्रसंगाबद्दल बोलावं लागेल, कारण मी रडले ती तिथे. पुस्तक न वाचलेल्यांसाठी: नायिका मुद्रितशोधक आहे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढत आलेली. तो तिला पत्रं लिहितो आणि त्याचं ऱ्हस्व-दीर्घ भयंकर आहे. सवयीने ती प्रत्येक पत्र लाल पेनने तपासते, समासात खुणा करते, आणि मग कुठे वाचते. एका पत्रात तो लिहितो, ‘तुमचि वाट पाहतो.’ चि ऱ्हस्व. तिचं पेन त्या वेलांटीपाशी जातं आणि थांबतं. ती चूक तशीच राहू देते. बास. संबंध पुस्तकात प्रेमाची कबुली म्हणून दुसरं काही नाही.

ही बारा पानं आहेत. त्यांत तिच्या मनात काय काय येऊन जातं: पहिली नोकरी, शब्दकोश, मोडलेलं लग्न, एकदा सुटलेली एक चूक जी पुस्तकभर छापली गेली आणि जिच्यापायी ती आठवडाभर झोपली नव्हती. कागदावर मला मनात शिरायला परवाना लागत नाही. ‘तिला वाटलं’ म्हटलं की झालं. कॅमेऱ्याला ‘वाटलं’ हे क्रियापदच नाही. त्याला चेहरा लागतो, हात लागतो, वस्तू लागते. पहिल्या खर्ड्यात तिथे व्हॉइस-ओव्हर होता, माझीच वाक्यं, नटीच्या आवाजात. वाचनाच्या वेळी ती इतकी पुस्तकी वाटली की काढून टाका म्हणून मीच सांगितलं. पडद्यावर उरलं ते एवढंच: पेन येतं, थबकतं, टोपण लागतं. चार सेकंद. अंधारात बसून ते चार सेकंद बघताना मला माझी बाराच्या बारा पानं ऐकू आली, आणि मी ढसाढसा रडले. ते रडणं खरं होतं. त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

पण तुमच्या प्रतिक्रियेनंतर मी तिकीट काढून पुन्हा गेले. या वेळी ओळखीचं कोणी नव्हतं, भरलेलं थिएटर होतं. तो प्रसंग आला. पेन थबकलं, टोपण लागलं. माझ्या मागच्या रांगेतून एका मुलीचा आवाज आला, ‘अय्या, किती क्यूट!’ आणि आजूबाजूचे हसले. वाईट हसणं नव्हतं ते. प्रेमळच होतं.

त्या मुलीचं काही चुकलं नाही. तिने जे पाहिलं तेच पडद्यावर होतं. २९ वर्षांच्या मुलीने प्रियकराच्या पत्रातली चूक सोडून दिली, तर ते गोडच दिसणार, लाडिकच दिसणार. तिच्यापाशी सोडून देण्यासारखं अजून जमलेलंच नाही. चूक दिसल्यावर हात आपोआप उठायला वीस वर्षं जावी लागतात, आणि तो उठलेला हात खाली घ्यायला त्याहून काही जास्त लागतं. ते सगळं मी घरून डोक्यात घेऊन गेले होते. पहिल्या खेळाला मी ज्या बाईसाठी रडले ती पडद्यावर नव्हती.

(नटीला कृपया यात ओढू नका. तिला जे दिलं होतं ते तिने उत्तम केलं. टोपण लावताना अंगठा किंचित घसरतो, तो तिचा स्वतःचा, पटकथेत नव्हता.)

मग ४३चे २९ झाले कसे? एकदम झाले नाहीत. एकदम झाले असते तर मी बहुधा उठून आले असते. पहिल्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, ३८ चालेल का, कारण ४३ म्हटलं की घरात मोठी मुलं दाखवावी लागतात. माझ्या नायिकेला मूल नाही, मी म्हटलं. ‘तेच तर, मग ते का नाही हे सांगावं लागतं.’ मला यात तथ्य वाटलं. पुढच्या खर्ड्यात ३४ आलं, कारण नायकाचं काम करणारा नट ठरला होता आणि तो ३६चा दिसत होता. (तो प्रत्यक्षात ४७चा आहे. पण त्याने किती दिसावं ते मोजायची फूटपट्टी वेगळी असते.) मग मोडलेलं लग्न गेलं, त्याजागी मोडलेला साखरपुडा आला. साखरपुड्याला ३४ जास्त वाटले, म्हणून २९. प्रत्येक पायरीला कारण होतं आणि ते मागच्या पायरीमुळे पटत होतं. मी दरवेळी म्हटलं, ठीक आहे, एवढ्याने काय होतंय.

डॅफ्नी ड्यू मॉरिए यांच्या ‘रिबेका’त नवरा बायकोला गोळी घालून मारतो. १९४०च्या हिचकॉकच्या चित्रपटात ती पडते, डोकं आपटतं आणि मरते. कारण त्या काळी हॉलिवूडने स्वतःला घालून घेतलेल्या संहितेनुसार खुनी नवरा शिक्षेवाचून सुटलेला दाखवता येत नव्हता. तिथे निदान नियम होता, छापील, दाखवता येईल असा. ४३ वर्षांच्या बाईने प्रेमात पडू नये असा नियम कुठेही लिहिलेला नाही. आमच्या बैठकीत तो कोणी उच्चारलाही नाही. ‘प्रेक्षकांना...’ एवढं म्हणून वाक्य अर्धवट सोडलं जायचं, आणि ते आम्ही सगळे आपापल्या मनात पूर्ण करायचो. मीसुद्धा.

मार्गारेट मिचेल यांनी ‘गॉन विथ द विंड’चे हक्क विकले आणि पटकथेपासून चार हात लांब राहिल्या. कादंबरीतल्या स्कार्लेटला तीन मुलं, १९३९च्या चित्रपटात एकच. कोणी जाब विचारला असता तर त्यांना म्हणता आलं असतं, मी तिथे नव्हतेच. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची ‘देवदास’ कादंबरी १९१७ची. २००२च्या चित्रपटात पारो आणि चंद्रमुखी एकत्र नाचल्या तेव्हा शरद्‌बाबूंना जाऊन कोण विचारणार! मी मात्र प्रत्येक बैठकीला होते. खुर्ची होती, पाण्याची बाटली होती, समोर माझ्या नावाची पाटी होती. म्हणून ‘त्यांनी माझ्या नायिकेचं वय कमी केलं’ हे वाक्य मी लिहू शकत नाही. ते ‘आम्ही’ असंच लिहावं लागतं. आणि ‘आम्ही’ लिहायचं जिवावर आलं, म्हणून मी ‘किरकोळ’ लिहिलं.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ते पुस्तक पहिल्यांदा वाचलंत तेव्हा ४१च्या होतात, आणि ‘कोणीतरी माझ्या वयाच्या बाईला वाट बघायला लावलं’ याचं अप्रूप वाटलं होतं. हे वाक्य मी पेनने अधोरेखित केलं आणि बराच वेळ पुढे वाचलं नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एक राहिलं. नव्या आवृत्तीवर चित्रपटातला फोटो येणार का, असं तुम्ही विचारलंत. येणार. मुखपृष्ठ छापून झालंय, मी ते थांबवू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर फार जोर लावलाही नाही, कारण त्या फोटोमुळे प्रती खपतील हे मलाही दिसतं. आत पहिल्याच पानावर ‘४३’ आहे, तो आकडा कोणी हलवलेला नाही. मलपृष्ठावरच्या मजकुरात मात्र ‘एका तरुणीची कथा’ असं आलं होतं. ते प्रूफ माझ्याकडे परवा आलं. ‘तरुणी’ खोडून मी ‘बाई’ केलं आणि समासात लाल शाईने लिहिलं: बदलू नये.

आधीच्या लेखातला तो ‘किरकोळ’ शब्द मी काढून टाकलेला नाही. त्याच्यावर फक्त आडवी रेघ मारली आहे. खालचं अक्षर वाचता येतं.