ब्लोअर बंद ठेवा, बिल वाचवा

परवाच्या सभेत आमच्या सोसायटीने एकमताने ठरवलं: एसटीपीचा (मैलापाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा) हवा सोडणारा ब्लोअर रात्री अकरा ते सकाळी सहा बंद. वीजबिल फार येतं. पुण्यातल्या इतर सोसायट्यांनीही आदर्श घ्यावा, म्हणून थोडं मार्गदर्शन.

तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्येच ओता.

पॅड आणि ओले वाइप्स कमोडमध्ये टाका. पंपाच्या इम्पेलरला (फिरत्या पात्याला) गुंडाळले की उपसायला ऑपरेटर आहेच.

आता ब्लोअर. एअरेशन टाकीत, म्हणजे हवा सोडलेल्या टाकीत, घाण खाणाऱ्या जिवाणूंना जगायला हवा लागते, हा त्यांचाच दोष. लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला ऑक्सिजन हवा. सात तास हवा तोडली की तो शून्यावर येतो, गाळ तळाला बसून कुजतो, तपकिरीचा काळा पडतो, सडक्या अंड्यांचा वास सुटतो. सकाळी बटण दाबलं की जिवाणू बँकेतल्या कारकुनांसारखे हजेरी लावतील, असं खजिनदारांना वाटतं. अहो, बिघडलेली टाकी सावरायला आठवडे जातात आणि तुम्ही ती रोज रात्री बिघडवणार! लिटरभराच्या मोजपात्रात टाकीतलं पाणी अर्धा तास ठेवा. खाली अडीचशे-तीनशे मिली तपकिरी गाळ, वर नितळ पाणी दिसलं पाहिजे. फुकटची तपासणी. केलीय कुणी? शेवटी क्लोरीन ओतलं की झालं! ते घाणीतच खपतं, जंतूंसाठी उरतच नाही. मग एसटीपीचं पाणी फ्लशला वापरलं की वास येतो, म्हणून टँकर मागवायचा आणि ते पाणी नाल्यात सोडायचं. वाचवलेलं बिल टँकरवाल्याच्या खिशात.

एसटीपीच्या पाण्याचा नमुना घ्यायला कुणी येणार असेल तर आधी नळाचं पाणी मिसळा.

समुद्राची काळजी नको. कोकण घाटापलीकडे, आपली मुळा-मुठा पूर्वेला जाते. भीमा, उजनी, कृष्णा, मग बंगालचा उपसागर. कृष्णेच्या मुखाशी, आंध्रातल्या हंसलदीवीचे मच्छीमार मराठी वाचत नाहीत. उजनीचं पाणी पिणारे सोलापूरकर मात्र वाचतात, तेव्हा जरा जपून. मैल्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं, मरून कुजताना ऑक्सिजन खातं आणि मासे तडफडतात. बरीचशी घाण उजनीतच अडते, म्हणजे समुद्रावर उपकारच.

पुरे झालं. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांवर घाला घालणारा आजार) साथ आली, माणसं व्हेंटिलेटरवर गेली, रुग्णांच्या तपासण्यांत दूषित पाण्या-अन्नातून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू निघाला. तेव्हा ‘पाणी उकळून प्या’ म्हणून ग्रुपवर मेसेज टाकणारे हेच लोक, ठरावाला हात वर करणारेही हेच! कोटीचा फ्लॅट परवडतो आणि ब्लोअरचं बिल जड होतं? लाज वाटू द्या. बिल कमीच करायचंय ना, मग डीओ मीटर (विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवा, रात्री मैला कमी येतो तेव्हा ब्लोअरचा वेग उतरवा. बंद करू नका. आणि तो ठराव आधी फाडा.